नुसतं बघायची परवानगी

सुरक्षाप्रमुखांना ऑफिसात सगळे पाठीमागे 'कुलूपसाहेब' म्हणत. कंपनीच्या माहितीचा पसारा क्लाउडवर कुठे कुठे पडलाय, ते शोधून दाखवणारी तयार कोडची एक लायब्ररी नव्याने रुजू झालेल्या प्रोग्रामर बाईंनी लॅपटॉपवर बसवली. नमुन्याचा छोटासा कोडही लिहिला, पण तो चालवायला कुलूपसाहेबांची परवानगी लागत होती. काही हलवायची नाही, नुसतं बघायची.

"अहो मॅडम, काल आलात आणि आज तिजोरीत डोकावायचंय?" कुलूपसाहेबांनी चारचौघांत आवाज चढवला. "इथे मला विचारल्याशिवाय माशीसुद्धा आत शिरत नाही!"

बाईंनी मान डोलावली. असले दीडशहाणे त्यांनी पायलीचे पन्नास पाहिले होते. मग साहेबांनी अर्ज मागितला, अर्जाचं कारण मागितलं, कारणाचंही कारण मागितलं, आणि शेवटी खिशातून पैसे काढून दिल्यासारखा चेहरा करून एकदाचं परवानगीचं बटण दाबलं. वर ऐकवलं, "उपकार समजा."

बाईंनी कोड चालवला. पडद्यावर पहिलीच नोंद आली ती ग्राहकांची ओळखपत्रं ठेवलेल्या साठ्याची. ती त्यांनी दोनदा वाचली आणि खुर्ची सावकाश मागे वळवली.

"काय, मिळालं का बघायला?" कुलूपसाहेबांनी मिशीतल्या मिशीत हसत विचारलं.



"मिळालं ना सर. पण तुम्ही उगाच तसदी घेतलीत. हे बघायची परवानगी तुमच्याच नावाने अख्ख्या जगाला आधीच देऊन ठेवलेली आहे."