बिघाड कधीपासून?

काउंटरवरच्या माणसाने रॅमची पट्टी उजेडात धरली, तिच्यावरचा नंबर कॉम्प्युटरमध्ये घातला आणि तोंड वाकडं केलं.

“मॅडम, वॉरंटी पाच तारखेला संपली. आज एकोणीस.”

मावशीचा चेहरा उतरला. तिच्या रक्ततपासणीच्या लॅबमधला एकुलता एक कॉम्प्युटर या पट्टीवर चालायचा, आणि रॅमचे भाव असे कडाडले होते की तीन वर्षांपूर्वी अख्खा कॉम्प्युटर ज्या किमतीत आला, तेवढ्यात आता नुसती पट्टी येत होती. तीही मिळाली तर. भाचीला हे सगळं पाठ होतं. मेमरीची टेस्ट लावून पडद्यावर लाल ओळींची रांगच्या रांग तिनेच काल मावशीला दाखवली होती. आज शाळा बुडवून ती मुद्दाम सोबत आली होती, भांडायची वेळ आलीच तर हाताशी असावं म्हणून.

पण भांडण झालंच नाही. माणसाने इकडेतिकडे पाहिलं आणि फॉर्म पुढे सरकवला.

“हा रकाना बघा. ‘बिघाड कधीपासून?’ पाच तारखेच्या आधीपासून असेल तर बदलून मिळते. मी काही तुमच्याकडे बघायला येणार नाही.”

भाचीला हसू फुटलं. “टाक गं मावशी कुठलीही. मागच्या महिन्यातली टाक.”

मावशीने जराही न अडखळता मागच्या महिन्याची चौदा तारीख लिहिली.

“काय सराईत थापा मारतेस,” भाची तिच्या कानाशी लागली. “आणि मला म्हणे खोटं बोलू नये.”

“गप्प बस, आगाऊ.”

“नुसत्या तारखेवर हल्ली वरचे ऐकत नाहीत,” माणूस म्हणाला. “भाव वाढल्यापासून जो उठतो तो जुनी पट्टी घेऊन येतो. काहीतरी पुरावा जोडा. एखादी चुकीची प्रिंट वगैरे. पण त्या तारखेची.”

बोंबललं, भाचीच्या मनात आलं.

मावशीने पर्स उघडली आणि टाचणी लावलेले दोन कागद काउंटरवर ठेवले. एक तपासणीच्या मशीनमधून निघालेली चिठ्ठी, दुसरा लॅबचा छापील रिपोर्ट. दोन्हींवर तारीख चौदा. दोन्हींवर एकाच पेशंटचं नाव. चिठ्ठीत जेवणानंतरची साखर तीनशे बारा. रिपोर्टात एकशे बारा.

“मशीन बरोबर सांगतं,” मावशी म्हणाली. “कॉम्प्युटरवरून छापताना मधेच एखादा आकडा बदलतो.”

भाचीने दोन्ही कागद पुन्हा वाचले. तीनशे बारा म्हणजे तडक डॉक्टरकडे जायचं आणि एकशे बारा म्हणजे निवांत घरी, एवढं तिलाही कळत होतं.

“मावशी, यांना कळवलंस ना तू?”

मावशी फॉर्मवर सही करत होती. दोन अक्षरांची सही, पण आज ती संपता संपेना.

माणूस मात्र खूश झाला होता. कागद फॉर्मला जोडत म्हणाला, “याला म्हणतात पुरावा. असा अजून एखादा असता ना, तर वरून कोणी ब्रसुद्धा काढला नसता.”

मावशीने पर्समधून टाचण्या लावलेल्या कागदांचा गठ्ठा काढला.

“किती देऊ?”