इंजिनची पाठ

"मान खाली," ताई म्हणाल्या आणि कात्री पुन्हा सुरू झाली. "तर सांगत काय होते, तो इंजिन."

खुर्चीत पलीकडच्या गल्लीतले घड्याळदुरुस्तीवाले होते. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत कापडात गुंडाळलेले आणि नेहमीसारखे गप्प. केस वाढलेले असोत नसोत, दर दुसऱ्या शुक्रवारी हजर. मध्येमध्ये तोंड न घालणारं गिऱ्हाईक, त्यामुळे ताईंचे फार लाडके.

ताई बावन्न वर्षांच्या. वडिलांचं केस कापायचं दुकान तीस वर्षं एकहाती चालवलेलं. गुडघ्यांसाठी सायकल चालवा, असं डॉक्टर म्हणाले आणि बाईंनी ते जरा जास्तच मनावर घेतलं. दर रविवारी सकाळी सायकलवाल्यांचा एक गट निघायचा, त्यात शिरल्या. हा गट वर्षातून एकदा दीडशे किलोमीटरची फेरी काढायचा. दहा तासांत परत आलात, तरच वाटेतले शिक्के मारून घेतलेल्या कार्डावर शेवटचा शिक्का.

ताईंनी दोनदा प्रयत्न केला होता. दोन्ही वेळा एकशेदहाव्या किलोमीटरवरच्या चढानं त्यांना लोळवलं आणि त्या गटामागून येणाऱ्या टेम्पोत बसून घरी आल्या. सायकलची तेवढीच हवापालट झाली, असं धाकटी बहीण म्हणाली. ते ताईंना फार लागलं. या वेळी टेम्पोत बसले तर सायकल विकून टाकीन, असं त्यांनी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं. आता मागे फिरायची सोय नव्हती, आणि ती सायकल म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

सगळं खापर इंजिनवर फुटायचं. इंजिन म्हणजे गटाच्या सगळ्यात पुढे राहून वारा अंगावर घेणारा गडी. डोळ्यांवर काळा चष्मा, नाकापर्यंत फडकं, डोक्यावर हेल्मेट. कुणाशी बोलणं नाही, चहाला थांबणं नाही, मागे वळून बघणं तर नाहीच. ताई शेवटी असायच्या, त्यामुळे त्यांना त्याची फक्त पाठ ठाऊक, तीही लांबून.

"शिंगं फुटलीत मेल्याला," ताई म्हणाल्या. "मागे बायामाणसं धापा टाकतायत, याला पत्ता नाही. फेरी पुरी होऊ दे, गाठून तोंडावर सुनावते की नाही बघा."

कापडाखाली थोडी चुळबुळ झाली. मग घड्याळवाले हळूच म्हणाले, "मला त्यातलं काय कळतंय म्हणा. पण चढ लागायच्या आधीच गिअर हलका केला तर?"

ताई पोट धरून हसल्या. ज्यानं जन्मात सायकलला टांग मारली नाही त्यानं शिकवावं, म्हणजे कमालच झाली. पण रविवारी कुणी बघत नाहीसं पाहून त्यांनी ते करून बघितलं आणि चढ चक्क संपला. पुढच्या खेपेला घड्याळवाल्यांनी विचारलं, तहान लागायच्या आधीच दोन घोट पाणी प्यायलं तर? नंतर एकदा म्हणाले, पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतरावर राहिलं तर वारा कमी लागत असेल का? ताई दर वेळी हसायच्या, दर वेळी गुपचूप करून बघायच्या आणि जमलं की ती युक्ती स्वतःच्या नावावर खपवायच्या. चार महिन्यांत त्या शेवटच्या नंबरावरून मधोमध आल्या.

फेरीच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी, ताईंना इतकी धास्ती बसली होती की कात्री कमी आणि तोंड जास्त चाललं. घड्याळवाले सगळं ऐकून घेत म्हणाले, "तुम्ही पोचणार, ताई." एवढंच. पण ते ऐकून ताईंना खरंच बरं वाटलं.

रविवारी गटाच्या कप्तानानं फर्मान काढलं, ताईंनी इंजिनच्या मागे राहायचं. ताईंचं डोकं सणकलं, पण कप्तानापुढे बोलायची सोय नव्हती. झालं, दिवसभर डोळ्यांसमोर तीच पाठ. मात्र वारा लागेना आणि पाय हलके पडले. शंभर किलोमीटर कसे गेले कळलंच नाही. ताई चक्क गुणगुणायला लागल्या.

चढ आला आणि बाकीचे भराभरा पुढे निघून गेले. इंजिन मात्र मंदावला. ताईंना आधी खरं वाटेना, मग आनंदाच्या उकळ्या फुटल्या. दमला, बेटा दमला. आणि आपण अजून शाबूत.

"काय, थकलात?" त्यांनी मागून विचारलं.

इंजिननं मागे न बघता मान डोलावली. ताईंना एकाएकी त्याची दयाच आली. म्हणाल्या, सावकाश चला, मी आहे मागे, सोडून जाणार नाही. सगळा चढ त्या त्याला धीर देत होत्या आणि त्या नादात स्वतःच्या मांड्या पेटल्यात हेच विसरून गेल्या. माथ्यावर आल्यावर त्यांनी मागे वळून तो रस्ता पाहिला आणि त्यांना रडूच कोसळलं.

नऊ तास चौपन्न मिनिटांनी ताईंच्या कार्डावर शेवटचा शिक्का बसला. धाकट्या बहिणीनं त्यांना मिठी मारली, टाळ्या वाजल्या. कुणीतरी हातात केळं दिलं, तेही त्यांना त्या दिवशी जगात सगळ्यात गोड लागलं.

मग त्यांना सुनावायचं राहिलेलं आठवलं. आता राग उरला नव्हता, पण बोललेलं करून दाखवायलाच हवं. इंजिन कुंपणापाशी पाठमोरा उभा होता. ताई ताडताड चालत त्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी घसा खाकरला.

त्यानं पट्टा सोडून हेल्मेट काढलं. ताई बघतच राहिल्या, कारण स्वतःच्या हातचं काम ओळखायला त्यांना गिऱ्हाइकाचं तोंड बघावं लागत नसे, आणि परवा शुक्रवारी इंजिनला शिव्या घालायच्या नादात घड्याळवाल्यांच्या उजव्या कानामागे राहून गेलेली बट त्यांच्या डोळ्यांसमोर होती.