साफ्ताकाकूंच्या गोठ्यातले ठसे

नवीन वर्षाला कार्पेथियन डोंगरातल्या आमच्या गावचे पुरुष अस्वलाचं कातडं पांघरून दारोदार नाचतात. दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फात मला अस्वलाचे ठसे दिसले. ते साफ्ताकाकूंच्या गोठ्यात शिरले होते, बाहेर आले नव्हते.

"अगं, ते आमचं ध्यान!" काकू म्हणाल्या. "नाचून आलं आणि कातड्यासकट गवतात लवंडलं. सकाळपासून माझ्या तोंडाचा पट्टा चालू आहे, पण ढिम्म हलत नाही. शेवटी घोंगडी टाकली अंगावर."

मी वाकून ठसा पुन्हा पाहिला. "काकू, नाचणाऱ्यांच्या पायात बूट असतात. इथे तळव्याची गादी आणि पाचही नखं उमटली आहेत. आत खरं अस्वल आहे. आधी अंगणाबाहेर चला!"

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात त्यांचे यजमान तोआदेर खांद्यावर कातडं टाकून फाटकातून आत आले आणि ओरडले, "काय गं, चहा झाला का?"



काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला, जागा होईल. एवढं सुनावलं त्याला, पण एकदाही उलटून बोलला नाही. तुम्ही राहा ना चार दिवस बहिणीकडे."