नलूची गाडी

फळी उचलली आणि बकुळाचा हात तसाच राहिला. नलूच्या गाडीत, बैठकीच्या खाली, पत्रकांचे गठ्ठे होते. संयुक्त महाराष्ट्राची पत्रकं. सकाळी पेज सांडली म्हणून तिने गाडी धुवायला काढली होती. नाहीतर कळलंही नसतं.

नलू दहा वर्षांची. जन्मापासून पाय ताठ, मान डळमळती, हात भलतीकडेच ओढले जायचे. बोलायची, पण एकेक शब्द विहिरीतून काढल्यासारखा. तो फक्त बकुळाला कळायचा. चाळीत म्हणायचे, पोरीला काही समजत नाही. व्यायामासाठी बकुळा तिला कडेवर घेऊन नायगावहून परळच्या इस्पितळात न्यायची. वर्षानुवर्षं. मग गेल्या नोव्हेंबरात चाळीने मिळून ही गाडी दिली. कोंडीराम सुताराने बांधली, बेअरिंगची चाकं लावली, नलू घसरू नये म्हणून पट्टा शिवला. बकुळा सगळ्यांदेखत रडली होती.

इस्पितळाच्या दारात गाडी सांभाळायलाही कोंडीराम रोज हजर. "जयभीम वहिनी. तुम्ही निवांत आत जा, गाडीपाशी मी आहे." असा शेजारी मिळत नाही, असं ती ज्याला त्याला सांगायची.

जानेवारीत गोळीबार झाला, संचारबंदी आली. संचारबंदी उठली तरी नाक्यावरचे शिपाई पिशव्या उलट्या करून बघत. नलूची गाडी कोणी अडवली नाही. एकाने तर तिच्या तोंडात लिमलेटची गोळी घातली होती.

नलूचा बाप शामराव गिरणीतली पहिली पाळी करून आला. जमिनीवरचे गठ्ठे बघून दारातच थबकला.

"ह्यासाठी दिलीत होय गाडी?" बकुळाने विचारलं.

"गाडी आधी दिली. पत्रकं मागाहून."

"आणि पोलिसाने फळी उचलली असती तर?"

"नलूवर कोण संशय घेणार?"

"बरोबर. खुळी ना ती! लोक म्हणतात ते म्हणतात. बापानेही तेच धरलं." तिचा आवाज चिरका झाला. "आणि ढकलणारी मी. रोज. आणि इस्पितळाच्या दारात कोंडीराम गठ्ठे काढून घेणार! माझ्याच पोरीच्या बुडाखाली काय आहे ते सगळ्या चाळीला ठाऊक, मला नाही."

शामरावने भिंतीला टेकून बसलेल्या नलूकडे पाहिलं.

"गाडी आत्ताच्या आत्ता कोंडीरामच्या दारात टाकून येते," बकुळा म्हणाली. "माझी कंबर अजून मोडली नाही." तिने गाडी दाराकडे ओढली.

नलूची मूठ भिंतीवर आपटू लागली. बकुळा वळली. "काय गं?"

"बाबांनी विचारलं. मला. नेशील का म्हणून."

बकुळाने शामरावकडे पाहिलं. नलू काय म्हणाली ते त्यालाही कळलं होतं.

"चारदा विचारलं," तो खाली बघत म्हणाला. "पहिल्यांदा मला समजलं नाही. चौथ्यांदा नीट समजलं. हो म्हणाली."

"मग मला सांगायला काय झालं होतं तुम्हाला?"

शामरावने तोंड उघडलं, पण नलूने मान हलवली. पुढचं बोलायला तिला बराच वेळ लागला. दोघंही थांबले.

"आईला सांगू नका, असं मीच म्हटलं. तू गाडी परत दिली असतीस."