रोजची गाठ

"हात सोड!" वरून दादा ओरडला.

धाकट्याने हात आणखी आवळले. चर्चच्या मनोऱ्यावर, दगडी कंगोऱ्याला तो पालीसारखा चिकटला होता. बसायची फळी मघाशीच कडीतून निसटली होती आणि खाली ती फुटल्याचा आवाज यायला नको तितका वेळ लागला होता. आता कमरेच्या पट्ट्याला बांधलेला दोर तेवढा उरला होता. तो घंटेच्या खिडकीतून आत, तुळईच्या कप्पीवरून गेला होता. दादा पलीकडच्या बाजूला काम करत होता. आवाज ऐकताच तो आत शिरला, आपला दोर सोडून लंगडत इकडे आला आणि त्याने धाकट्याच्या दोराचं टोक हातात घेतलं.

नेमकं तेच धाकट्याला नको होतं.

"अरे, तू भिंत धरून बसलास तर मी ओढू काय, डोंबल? वर छज्जा आडवा येतोय. बाहेर झुल, मग ओढतो."

"हात सोडले तर मरीन मी!"

"धरून राहिलास तर मरशील. कंगोरा फुटलाय तो. तोच बुजवायला आलोय ना आपण?"

ते खरं होतं. बोटांखालचा गिलावा भुसभुशीत लागत होता. तरी बोटं ऐकेनात. फुटक्या कंगोऱ्यावर त्याचा भरवसा बसत होता, दोर धरणाऱ्यावर बसत नव्हता. आणि त्याला कारण होतं दादाचा डावा पाय.

काही वर्षांपूर्वी दादा असाच एका भिंतीवरून पडला होता, आणि पडला तो धाकट्याने मारलेल्या गाठीमुळे. घाईघाईत अर्धवट मारलेली गाठ होती ती. दादा वाचला, पाय मात्र कायमचा अधू झाला. तेव्हापासून धाकट्याने स्वतःला नुसतं जुंपून घेतलं होतं. अवघड बाजू त्याची, उन्हाची बाजू त्याची. सामान तोच वाहणार, पुतणीला शाळेत तोच सोडणार. "भाऊजी, आमच्याकडे श्वास घ्यायचं काम तेवढं उरलंय, तेही घेऊन जा," असं वहिनी म्हणायची. घरात सगळे हसायचे. दादाही हसायचा. पण माफ केलं, असं तो एकदाही म्हणाला नव्हता.

उलट रोज सकाळी काम सुरू करताना दादा दोन्ही हात वर करून त्याच्यापुढे उभा राहायचा. म्हणायचा, "मार गाठ." दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. धाकटा गाठ मारायचा, सोडायचा, पुन्हा मारायचा. दादा ती ओढूनही बघायचा नाही, तसाच खिडकीबाहेर पाय टाकायचा. शिक्षा करावी तर दादाने, धाकटा मनात म्हणायचा. ओरडणं नाही, मारणं नाही, पण रोजच्या रोज आठवण.

आज सकाळीच चहा देताना पाळक म्हणाले होते, "देवापुढे माणूस आपल्या करणीने नीतिमान ठरत नाही. नुसत्या विश्वासाने ठरतो. ते फुकट असतं."

"फुकटच्या मालावर आपला भरवसा नाही बुवा, पाळकसाहेब," धाकटा हसला होता. दादा हसला नव्हता. त्याने कप खाली ठेवला होता आणि नेहमीसारखे हात वर केले होते.

कंगोरा करकरला. मूठभर गिलावा धाकट्याच्या तोंडावर आला.

"दादा, आधी सांग! मला माफ केलंस का?"

"ही काय विचारायची जागा आहे, गाढवा?"

"सांग!"



"केलंय," दादा म्हणाला. "दवाखान्यात शुद्धीवर आलो तेव्हाच."

"मग मी एवढं राबलो ते?"

"मी कुठे मागितलं होतं?"

धाकट्याला रडू फुटलं, आणि संतापही आला. इतकी वर्षं हाडं झिजवली, ती काय वाऱ्यावर सोडून द्यायची? अजून थोडं केलं की पुरे होईल, या आशेवर तर तो जगत होता. आता रिकाम्या हातांनी दादाच्या स्वाधीन व्हायचं, हे त्याला पडण्याहून कठीण वाटत होतं.

"दोन्ही जमायचं नाही," दादाचा आवाज एकदम हळू झाला. "एक तर तू धर, नाहीतर मला धरू दे."

धाकट्याने डोळे मिटले आणि हात सोडले.

पट्टा कमरेत रुतला. तो भिंतीपासून दूर झुलला आणि दोर ताणला गेला. ताणलेलाच राहिला. कप्पी कुरकुरत होती. अधू पाय चौकटीला रोवून दादा कण्हत कण्हत ओढत होता. मघाशी धरलेला कंगोऱ्याचा तुकडा सुटून खाली गेला.

घंटेखाली दोघेही धापा टाकत पडून राहिले. धाकट्याचे हात रक्ताळले होते. ते सदऱ्याला पुसत तो म्हणाला,

"तेव्हाच माफ केलं होतंस, तर एकदा तरी सांगायचंस, दादा."

"एकदा? रोज सांगतोय."

"कधी?"

दादा भिंतीला धरून उठला. पलीकडची बाजू अर्धीच झाली होती. खिडकीतून त्याने एकदा खाली, फळीच्या तुकड्यांकडे पाहिलं. मग आपला मोकळा दोर धाकट्याच्या हातात दिला आणि दोन्ही हात वर करून त्याच्यापुढे उभा राहिला.

"मार गाठ."