दहा बोटांचा मिस्त्री

खडी क्रशरचे मालक काकासाहेब नवा मिस्त्री ठेवताना आधी त्याचे हात बघत. जितकी बोटं कमी, तितका माणूस मुरलेला, असा त्यांचा साधा हिशेब. त्यांच्या जुन्या सरफराज उस्तादाच्या उजव्या हाताला दोनच बोटं उरली होती, आणि काकासाहेब ती पाहुण्यांना कौतुकानं दाखवत.

म्हणून उस्मानपुऱ्याहून नोकरी मागायला आलेल्या गयासची दहाच्या दहा बोटं बघून त्यांनी तोंड वाकडं केलं.

"लईच कोरा हायेस रं! कधी मशिनीत हात तरी घातला का?"

"रोजच घालतो, शेठ."

"मग आत दगड अडकलाय, तेवढा काढून दाव."

गयास आधी मेन स्विचपाशी जरा रेंगाळला, मग क्रशरच्या जबड्यात उतरला. थोड्या वेळानं आत दगड धाडकन पडला. काकासाहेबांना दम कुठला! त्यांनी लगेच बटण दाबलं. मशीन ढिम्म. पुन्हा दाबलं.

गयासनं डोकं वर काढलं. "फ्यूज माझ्या खिशात हाय, शेठ. मी अजून आतच हाय ना!"

मजूर खो खो हसले. काकासाहेब भडकले. "उस्ताद, असला भित्रा मिस्त्री ठेवायचा व्हय?"

"ठेवा, मालक," सरफराज शांतपणे म्हणाला. "माझी बोटं गेली त्या दिवशी बी बटणावर तुमचंच बोट व्हतं."

हसणं थांबलं. काकासाहेबांनी बटणावरचा हात मागं घेतला.

गयासनं खिशातला फ्यूज काढून सरफराजला दिला. "उस्ताद, तुम्हीच सांभाळा," म्हणत तो उरलेले दगड काढायला पुन्हा आत उतरला.

त्या दोन बोटांतला फ्यूज मागायची मालकाची छाती झाली नाही.