शेवटची दोन रिळं

अहो, ती कॉफी ठेवा बाजूला, आमच्या पंढरीनाथाची गोष्ट सांगतो. इथं जर्मनीत, हॅनोव्हरच्या एका छोट्या थेटरात तो ऑपरेटर. हॅडन नावाच्या इंग्रज डायरेक्टरचे सगळे पिक्चर त्याच्या देशात आपटले, पण त्यातला एक इथं वीस वर्षं दर रविवारी लागतो आणि लोकं डोळे पुसत बाहेर पडतात. परवा म्हातारा हॅडन स्वतःच बघायला आला. पंढरीला घाम फुटला. वीस वर्षांची चूक आता पिक्चरच्या धन्यापुढं उघडी पडणार होती. पिक्चर सुटल्यावर म्हातारा काठी टेकत वर केबिनमध्ये आलाच.

"शेवटची दोन रिळं उलट क्रमानं कुणी लावली?"

"मी, साहेब. पहिल्याच खेळाला चुकलो. लोकांना तसाच आवडला, मग बदलायचा धीर झाला नाही."

म्हातारा स्टुलावर बसला. "माझ्या पिक्चरमध्ये हिरॉईन शेवटी मरते. तुमच्यात मरते, आणि मग सायकलवरनं हसत येते."

"माफ करा, साहेब. पुढच्या रविवारी सरळ लावतो."

"नको. ती हिरॉईन माझी बायको होती. गेल्या महिन्यात गेली."

तर कधी रविवारी त्या थेटरात गेलात, तर शेवटपर्यंत बसा. आणि रीळ चुकलंय म्हणून ओरडू नका.